प्यायलास तरी गोळी चुकवू नकोस

१४ एप्रिलची मिरवणूक होऊन चार दिवस झाले होते. वस्तीतल्या निळ्या पताका अजून उतरवल्या नव्हत्या. विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही दर आठवड्याला रक्तदाब आणि साखर तपासायला बसतो. त्या दिवशी गर्दी ओसरेपर्यंत एक आजी कोपऱ्यात थांबून राहिल्या. बरोबर बावीस वर्षांचा नातू. सगळ्या बायका गेल्यावर आजी पुढे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सिस्टर, याला तुम्हीच समजवा. जयंतीपासून याने गोळीला हात लावला नाही."

हा मुलगा जन्मापासून एचआयव्हीसह जगतो आहे. आई-वडील तो लहान असतानाच गेले. आजींनी धुणीभांडी करून त्याला वाढवले, एआरटी केंद्राच्या रांगेत उभे राहून त्याची औषधे आणली. आता तो मोटारसायकलवरून पार्सल पोहोचवण्याचे काम करतो. त्याच्या संमतीनेच हे लिहीत आहोत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आम्ही विचारले, "का रे, गोळ्या संपल्या का?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मग खाली बघत म्हणाला, "ताई, तेरा तारखेच्या रात्रीपासून पोरांबरोबर पीत होतो. दारू पोटात असताना गोळी घेतली की विष होतं ना? तुम्हीच सांगितलं होतं."

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. कारण ते खरे होते. आमच्यापैकी काही जणी नोकरीत असताना आम्ही अनेक मुलांना हेच सांगत आलो होतो. "दारू आणि ही औषधं एकत्र गेली तर लिव्हर खलास," असे दरडावून सांगायचो. भीती घातली की मुले पिणार नाहीत, असे आम्हाला वाटायचे. मुलांनी आमचे अर्धेच ऐकले. दारू सुटली नाही, गोळी सुटली.

आजींनी पिशवीतून डबी काढली. आम्ही गोळ्या मोजल्या. असायला हव्या होत्या त्यापेक्षा ९ जास्त निघाल्या. पाच जयंतीच्या. उरलेल्या चार कधीच्या? शनिवारच्या रात्रींच्या, आणि एका मित्राच्या हळदीच्या. म्हणजे ही सवय जयंतीपुरती नव्हती. ज्या रात्री ग्लास, त्या रात्री गोळी नाही, असा त्याने नियमच करून घेतला होता. आणि तो मनापासून समजत होता की आपण काळजी घेतो आहोत.

हा लेख आमच्या त्या चुकीची दुरुस्ती आहे.

हा एकट्याचा प्रश्न नाही

देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये त्यांची सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. सरकारी एआरटीची मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. त्या औषधांमुळे जी बाळे वाचली ती आज वीस-बावीस वर्षांची आहेत. कॉलेजात जातात, कामाला जातात, लग्नाचा विचार करतात. आणि त्यांच्या वयाची इतर मुले जे करतात ते तीही करून बघतात. त्यात दारूही आली.

"पिणार असेन तर गोळी नको" हा समज जगभर आहे. अमेरिकेत सेथ कलिचमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारू पिणाऱ्या आणि एआरटी घेणाऱ्या १७८ लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी सांगितले की पिताना आम्ही औषध थांबवतो. नशेत विसरलो असे नाही, ठरवून थांबवतो. कारण दोन्ही एकत्र आले की घात होतो, असे त्यांना वाटत होते. आमच्या खोलीतला मुलगा तेच सांगत होता.

खरे काय आहे

आज सरकारी केंद्रावर बहुतेक मोठ्या रुग्णांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत मिळतात. दिवसाला एक गोळी. या गोळीचे दारूशी विष होत नाही. प्यायलेल्या रात्रीही ती घेता येते आणि घ्यायलाच हवी. तुमची औषधे वेगळी असतील तर केंद्रावर विचारा, पण विचारेपर्यंत स्वतःच्या मनाने बंद करू नका.

याचा अर्थ दारू चांगली असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्याला तर ती जास्त नडते. प्रतिकारशक्ती आणखी खालावते, क्षयरोगाचा धोका वाढतो, लिव्हरवर ताण येतो, जेवण चुकते, झोप बिघडते, मन खचते. नशेत निरोध राहून जातो. पण गोळी चुकण्याचे नुकसान या सगळ्याच्या वर आहे. गोळी बंद झाली की दबलेला विषाणू पुन्हा वाढू लागतो. पुन्हा पुन्हा चुकली तर विषाणू त्या औषधाला सरावतो आणि मग तेच औषध उपयोगी पडत नाही. ज्यांना हेपॅटायटिस बी सुद्धा आहे, त्यांच्यासाठी याच गोळीतली दोन औषधे त्या आजारालाही दाबून ठेवतात. त्यांनी गोळी अचानक थांबवली तर लिव्हरला जोरात सूज येऊ शकते. लिव्हर वाचवायला म्हणून गोळी सोडायची आणि त्यानेच लिव्हर बिघडायचे, असे होते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गोळी नियमित घेऊन ज्याचा व्हायरल लोड तपासणीत सापडत नाही इतका खाली राहतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. लग्नाचे, संसाराचे, मुलाबाळांचे दार त्या एका गोळीने उघडे राहते.

खरी सावधगिरी कुठे

दोन ठिकाणी मात्र आम्ही अजूनही कडक शब्दांत बोलतो.

पहिले, क्षयरोग होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या आयसोनियाझिड या गोळ्या, आणि क्षयरोगाचे उपचार. ही औषधे लिव्हरला जड जातात. त्यात दारूची भर पडली तर लिव्हरला सूज येण्याचा धोका खरोखर वाढतो. त्या काळात दारू पूर्ण बंद हवी. रोज पिण्याची सवय असेल तर औषध सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा, लपवू नका. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, सतत मळमळ, पोटात उजवीकडे वरच्या बाजूला दुखणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरे, पिऊन झाल्यावर सकाळी पोट जळते म्हणून घेतले जाणारे ॲसिडिटीचे पांढरे-गुलाबी औषध. हे औषध डोल्युटेग्रॅव्हिरला शरीरात शोषू देत नाही. म्हणजे गोळी घेऊनही न घेतल्यासारखी होते. ॲसिडिटीचे औषध घ्यायचेच असेल तर एआरटीची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही चालू असतील तर केंद्रावर वेळ विचारून घ्या.

संध्याकाळची गोळी सकाळी आणा

आजींनी सांगितले, "रात्री नऊची गोळी. लहानपणापासून नऊलाच." आम्हाला लगेच कळले. पूर्वीच्या गोळीत एफाव्हिरेन्झ नावाचे औषध असायचे. त्याने गरगरायचे, विचित्र स्वप्ने पडायची, म्हणून ती रात्री झोपताना घ्यायला सांगितली जायची. २०२० नंतरच्या काळात बहुतेकांची गोळी बदलली, पण घरातली वेळ तीच राहिली. आणि रात्री नऊ ही तर नाक्यावर बसण्याची वेळ.

नवी गोळी दिवसात कधीही घेता येते, जेवणाआधी किंवा नंतर. केंद्रावरच्या समुपदेशकांना सांगून तिची वेळ सकाळी आणता येते. सकाळच्या चहाबरोबर, दात घासल्यावर, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडताना, जशी घराची पद्धत असेल तशी ती जोडून घ्या. रात्री काय होईल ते होवो, सकाळची गोळी आधीच पोटात गेलेली असते.

गोळी चुकलीच तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर ती एकच घ्या, दोन एकदम घेऊ नका. गोळी घेतल्यानंतर लवकरच उलटी झाली तर केंद्राला फोन करून विचारा. दोन-तीन गोळ्या ओळखीच्या चावीच्या जुडग्यात किंवा पाकिटात वेगळ्या ठेवल्या तर बाहेर रात्र झाली तरी अडत नाही.

मुले ग्लास का उचलतात

त्या दिवशी आजींना बाहेर चहाला पाठवून आम्ही त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, "ताई, नाही म्हटलं की पोरं विचारतात, काय रे, औषध चालू आहे का तुला? मग काय सांगू?"

नकार दिला तर आजार उघडा पडेल, या भीतीने हा मुलगा पीत होता. आपल्यासारख्यांच्या हे ध्यानातही येत नाही. आपण म्हणतो संगत वाईट. पण त्याच्यासाठी ग्लास हा लपण्याचा पडदा होता.

आणखीही कारणे आहेत. अनेक मुलांना लहानपणी "ही ताकदीची गोळी आहे" असे सांगितलेले असते आणि तेरा-चौदाव्या वर्षी खरे कळते. तेव्हापासून घरच्यांवरचा राग आत साठून राहतो. आई-बाप गेल्याचे दुःख कुणाजवळ बोललेले नसते. लग्न कोण करील, ही चिंता असते. दिवसभर उन्हात काम करून अंग मोडलेले असते. मुलींचेही असे असते, फक्त त्या घरात लपून पितात म्हणून आपल्याला दिसत नाहीत आणि त्यांना मदत आणखी उशिरा मिळते.

नकार द्यायला सोपी वाक्ये लागतात. आम्ही त्याच्याबरोबर बसून ती तयार केली. "सकाळी सहाची ड्युटी आहे." "गाडी चालवायचीय, पोलीस उभे असतात." "पोट बिघडलंय." हातात थंड पेयाचा ग्लास असला की कुणी फारसे विचारत नाही. हे खोटे बोलायला शिकवणे आहे का, असे एका बाईंनी आम्हाला विचारले. आमचे उत्तर असे की आपला आजार कुणाला सांगायचा हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही ही गुप्तता मान्य केली आहे. कामावरून काढणे, दवाखान्यात किंवा शाळेत भेदभाव करणे यालाही हा कायदा मनाई करतो.

किती म्हणजे जास्त

"मी थोडीच घेतो," असे प्रत्येक जण म्हणतो. म्हणून मोजून बघावे. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या दारूचा ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, त्याला एक एकक धरा. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा एकके. "एक क्वार्टरच मारली" म्हणणाऱ्याने एका बैठकीत सहा पेग घेतलेले असतात.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची १० प्रश्नांची यादी आहे. तिच्या धर्तीवर स्वतःला हे विचारा:

आठवड्यातून किती वेळा पितो?
एका बैठकीत किती एकके होतात?
एकदम सहा किंवा जास्त एकके किती वेळा होतात?
सुरू केल्यावर थांबता येत नाही, असे होते का?
सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घोट लागतो का?
पिण्यामुळे काम, गोळी किंवा घरची जबाबदारी राहून गेली का?
आपल्यामुळे कुणाला इजा झाली का, कुणी काळजीने बोलले का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे वाढती असतील तर आताच कमी करण्याची वेळ आहे. पुढच्या प्रश्नांना "हो" येत असेल तर एकट्याने झुंजू नका, मदत घ्या. गरोदर बाईने दारूचा थेंबही घेऊ नये.

शपथ घ्या, पण आधी डॉक्टरांना भेटा

हे आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण आपल्याकडे विहारात, बुद्धपौर्णिमेला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी शपथ घेऊन एका रात्रीत दारू सोडण्याची पद्धत आहे. अधूनमधून पिणाऱ्याने तसे सोडले तर उत्तमच. पण जो रोज भरपूर पितो, ज्याचे हात सकाळी कापतात, त्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. तिथे औषधांच्या आधाराने दारू सुरक्षितपणे सोडवतात. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मोफत सभाही अनेक शहरांत भरतात. गुपचूप पाण्यात मिसळून देण्याची "दारू सोडवणारी" पावडर मात्र कुणालाही देऊ नका.

फोन करायचा असेल तर हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. एचआयव्हीबद्दल १०९७. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. मन खचले असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानस १४४१६. तिन्ही मोफत आहेत.

घराने आणि विहाराने काय करावे

आजी रोज रात्री दारातच विचारायच्या, "आज परत ढोसून आलास?" मग तो उलट्या पावली निघून जायचा. आम्ही आजींना विनंती केली, प्रश्न बदलून बघा. "जेवलास का? गोळी झाली का?" एवढेच. दारूबद्दल बोलायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारी, तो शुद्धीत असताना, शेजारपाजारच्यांना ऐकू जाणार नाही असे. नशेतल्या माणसाशी भांडून काहीच हाती लागत नाही.

तो मुलगा आम्हाला म्हणाला होता, "विहारात यायला तोंड नाही, ताई." हे ऐकून आम्हाला सर्वात जास्त वाईट वाटले. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्यातले एक अक्षरही आम्ही कमी करू पाहत नाही. पण त्या शिलात नशेबरोबर 'पमाद' हा शब्द येतो. पमाद म्हणजे बेसावधपणा. गोळी चुकणे हाही बेसावधपणाच आहे. एक शील मोडले म्हणून उरलेली सावधानताही टाकून द्यावी, असे तथागतांनी कुठे सांगितले नाही. आणि शील मोडलेल्याला दारातून हाकलावे असेही नाही. दवाखान्यातून आजारी माणसाला हाकलतात का?

विहार समित्यांना आमची हात जोडून विनंती आहे. जयंतीच्या मंडळांत दारू नको, हा आग्रह जरूर धरा, कडकपणे धरा. पण प्यायलेल्या पोराचे नाव माइकवरून घेऊ नका. त्याला दुसऱ्या दिवशी बोलवा, खुर्च्या लावायचे, पाणी वाटायचे काम द्या. महिला मंडळात कुणाच्या घरी एचआयव्ही आहे याची कुजबुज होत असेल तर तिथेच थांबवा. ती कुजबुजच पोरांना नाक्यावर नेते.

पुढे काय झाले

मुलाला घेऊन आम्ही केंद्रावर गेलो. व्हायरल लोड वाढलेला निघाला. समुपदेशकांनी तीन महिने दर महिन्याला बोलावले. पहिल्याच भेटीत त्याने स्वतःहून सांगितले, "मी पितो, आणि पितो तेव्हा गोळी घेत नाही." इतकी वर्षे त्याला हे कुणी विचारले नव्हते आणि त्यानेही सांगितले नव्हते. गोळीची वेळ सकाळी सातची झाली. आजी चहा देतात, तो गोळी घेतो, डबीवर पेनाने खूण करतो.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. विषाणू पुन्हा दबला होता. आजींनी कागद आमच्यासमोर धरला, त्यांना वाचता येत नाही, पण त्यावरचा आकडा त्यांनी विचारून पाठ केला होता.

त्याची दारू पूर्ण सुटलेली नाही. कमी झाली आहे. मध्ये एका लग्नात प्यायला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः फोन केला, "ताई, काल घेतली. पण गोळी सकाळीच झाली होती."

आम्ही त्याला रागावलो नाही. येत्या गुरुवारी ये, बोलू, एवढेच म्हणालो. तो आला.

तुमच्या गल्लीत असा कुणी असेल तर त्याला एवढा निरोप द्या. दारू सोडायला आम्ही तुझ्याबरोबर आहोत, वेळ लागला तरी चालेल. पण ती सुटेपर्यंत एकही गोळी चुकवू नकोस.

जयभीम.